आकडी की पिसाळणे? : घरच्या कुत्र्याला येणारे झटके

मराठीत या विकाराला नावांची कमतरता नाही. फेफरे, मिरगी, घुरे, आकडी, फीट आणि वैद्यकाच्या ग्रंथांतला अपस्मार. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. स्मृती निघून जाणे हाच त्या शब्दाचा अर्थ. माणसाच्या बाबतीत यातले एखादे नाव आपल्या ओठांवर लगेच येते. कुत्रा मात्र अंगणात अचानक कोसळला, पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला, की एकच शब्द उच्चारला जातो : पिसाळला. मग कुणी काठी शोधतो, कुणी मुलांना आत ओढतो, आणि पाच मिनिटांनी आपोआप उठून शेपटी हलवणार असलेला कुत्रा कित्येकदा त्या पाच मिनिटांतून जिवंत सुटत नाही.

ही भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. रेबीज आपल्याकडे आजही आहे आणि तो झालेला माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण तोंडाला फेस आलेला प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो, आणि उलट बाजूने पाहिले तर झटका येणारा प्रत्येक कुत्रा ‘बिचाऱ्याला फीट येते’ म्हणून कुशीत घेण्यासारखाही नसतो. हा फरक कळण्यासाठी आधी झटका म्हणजे काय, हे नीट पाहायला हवे.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी बोलतात. काही पेशी पुढच्या पेशीला उद्दीपित करतात, काही तिला आवरतात. हा तोल बिघडून पेशींचा मोठा समूह एकाच वेळी, एकाच लयीत पेटू लागला की झटका येतो. हे गणित उलगडण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘पवित्र रोगा’वरील ग्रीक ग्रंथात, हा रोग दैवी नसून मेंदूचा आहे हे पटवण्यासाठी शेळीचे डोके उघडून पाहण्याचा दाखला दिला आहे. पुढे १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य प्रवाह सोडला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. प्रवाहाने काही कुत्र्यांना फेफऱ्यासारखे झटकेही आले. माणसाच्या अपस्माराविषयीच्या ज्ञानासाठी कुत्र्यांनी अशी किंमत मोजली. कुत्र्यांच्या अपस्माराच्या व्याख्या मात्र जगभर एकसारख्या व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पशुवैद्यकीय अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने आपली निवेदने प्रसिद्ध केली.

हा विकार दुर्मीळ नाही. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपस्माराचे प्रमाण सुमारे ०.६ टक्के आढळले, म्हणजे साधारण एकशे साठ कुत्र्यांमागे एक. दोन-तीनशे कुत्री पाळली जाणाऱ्या आपल्या एखाद्या उपनगरात हेच प्रमाण धरले, तरी एखाद-दुसऱ्या घरात तरी हा प्रश्न असणारच.

मोठा झटका ओळखायला अवघड नसतो. कुत्रा बहुधा विश्रांती घेत असतो, झोपेत असतो किंवा नुकताच उठलेला असतो. त्याआधी काही मिनिटे, कधी काही तास, तो बेचैन असतो. विनाकारण कुंईकुंई करतो, मालकाच्या पायाला चिकटून बसतो किंवा पलंगाखाली शिरतो. मग शरीर ताठ होते, मान मागे वळते, तो एका कुशीवर पडतो. क्षणभर श्वास थांबल्यासारखा वाटतो. त्यानंतर चारही पाय वल्ही मारल्यासारखे हलू लागतात, जबडा कडकड वाजतो, लाळेचा फेस होतो, लघवी किंवा शौच होते. डोळे उघडे असतात, पण त्यांत ओळख नसते. हे सारे साधारणपणे एक-दोन मिनिटांत ओसरते. पाहणाऱ्याला ती पंधरा मिनिटे वाटतात. म्हणूनच घड्याळ पाहणे महत्त्वाचे.

नंतरचा टप्पा घरच्यांना अधिक गोंधळात टाकतो. कुत्रा उठतो, पण भिंतीला धडकतो. तात्पुरते अंधत्व आलेले असते. तो खोलीतून खोलीत येरझाऱ्या घालतो, अधाशासारखे पाणी पितो, खायला मागतो किंवा ओळखीच्या माणसावरही गुरगुरतो. ही अवस्था काही मिनिटे राहते, कधी काही तास, क्वचित एखादा दिवस. झटक्यातील कुत्र्यापेक्षा या अवस्थेतील कुत्रा चावण्याचा संभव बराच असतो, कारण त्याला आता हालचाल जमते आणि समोर कोण आहे हे मात्र कळत नसते.

लहान झटके मात्र नजरेतून निसटतात. मेंदूच्या एका भागापुरत्याच राहिलेल्या या झटक्यात गालाचा एक कोपरा फडफडतो, एकच पाय आखडतो, कुत्रा च्युइंगम चघळत असल्यासारखा जबडा हलवतो किंवा नसलेल्या माश्या हवेत टिपत राहतो. माश्या टिपण्याचा हा प्रकार दर वेळी मेंदूचाच असतो असे नाही. काही कुत्र्यांत त्याचे मूळ पोटाच्या तक्रारीत सापडले आहे.

झटक्यासारखी दिसणारी पण झटका नसलेली दुखणीही बरीच आहेत. स्वप्नात पाय हलवणारा कुत्रा हाक मारली की जागा होतो आणि लगेच आपल्याला ओळखतो. झटक्यातला कुत्रा हाकेला जागा होत नाही. हृदयाच्या विकाराने येणारी भोवळ धावताना, जिना चढताना किंवा आनंदाने उड्या मारताना येते. कुत्रा ताठ होण्याऐवजी बहुतेक वेळा सैल पडतो, हिरड्या पांढुरक्या दिसतात, आणि काही सेकंदांत तो काहीच घडले नाही असा उठतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंतर्कर्णातील तोल बिघडला तर त्याची मान एका बाजूला कलते, बुबुळे डावी-उजवीकडे सरकत राहतात, तो गोल फिरतो, पडतो, ओकतो. पण तो शुद्धीवर असतो. बुलडॉग, बॉक्सर, डॉबरमन यांच्यात नुसते डोके ‘नाही नाही’ म्हटल्यासारखे हलण्याचा प्रकार दिसतो, आणि बिस्कीट दाखवले की तो बहुधा थांबतो. आणि दिवाळीच्या दिवसांत हेही सांगायला हवे, की फटाक्यांनी थरथर कापणारा, धापा टाकणारा, मोरीत लपलेला कुत्रा भ्यालेला असतो. ती आकडी नव्हे. त्याला अंधारी, बंद, शांत खोली लागते.

आता पिसाळण्याकडे येऊ. अपस्मार आणि रेबीज यांच्यातील मोठा फरक काळाच्या ओघात दिसतो. अपस्माराचा कुत्रा दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत पूर्वीसारखाच असतो. खातो, खेळतो, दारावरच्या माणसाला भुंकतो. रेबीज मागे फिरत नाही. स्वभाव बदलतो, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबू लागतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळत राहते, पाय लुळे पडतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत कुत्रा मरतो. हा फरक दिवसांत कळतो, मिनिटांत नाही. म्हणून रस्त्यावरचा, लसीचा पत्ता नसलेला किंवा अलीकडे दुसऱ्या कुत्र्याने चावलेला कुत्रा झटके देत असेल तर त्याच्याजवळ जाऊ नये. माणसे दूर करावीत, त्याला मारू नये, पशुवैद्यकीय मदत बोलवावी. त्याची लाळ जखमेवर, डोळ्यांत किंवा तोंडात गेली किंवा तो चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी (डोळे नुसत्या भरपूर पाण्याने) आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली असली, तर त्याच्या झटक्याकडे शांत डोक्याने पाहता येते. लसीच्या कार्डाचा हा उपयोग सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

रेबीजइतका बदनाम नसलेला, पण आपल्याकडे पिल्लांचे झटके पाहताना आधी मनात यावा असा आणखी एक विषाणू म्हणजे डिस्टेंपर. आधी ताप, डोळ्या-नाकातून घट्ट स्राव, जुलाब. मग काही आठवड्यांनी, कधी कुत्रा बरा झाला असे वाटत असतानाच, जबडा चघळण्याचे झटके आणि झोपेतही न थांबणारे स्नायूंचे ठेक्यातले उडणे. लस न दिलेल्या पिल्लाला असा झटका आला तर त्याला ‘अपस्मार’ म्हणून मोकळे होऊ नये.

म्हणजे झटका हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्याचे कारण शोधताना पशुवैद्य पहिल्यांदा वय विचारतात, आणि ते योग्यच आहे. सहा महिन्यांखालील पिल्लात जंतुसंसर्ग, जन्मजात दोष, यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी, किंवा पामेरियन-चिवावासारख्या इवल्या जातींत निव्वळ उपाशी राहिल्याने उतरलेली रक्तशर्करा, ही कारणे पुढे येतात. सहा महिने ते सहा वर्षे या वयात पहिला झटका आला, तपासण्या निर्दोष निघाल्या आणि झटक्यांच्या मध्ये कुत्रा अगदी व्यवस्थित असला, तर अज्ञातहेतुक, म्हणजे बहुधा आनुवंशिक, अपस्माराचा संशय बळावतो. सहा वर्षांनंतर पहिल्यांदाच झटका आला तर मेंदूतील गाठीचा विचार करावा लागतो. पिल्ले पाजणारी लहान जातीची कुत्री व्यायल्यानंतर काही आठवड्यांत ताठ होऊन कापू लागली, तर तिच्या रक्तातले कॅल्शियम उतरलेले असू शकते. हे तातडीचे दुखणे आहे, शिरेतून कॅल्शियम मिळाले तर ती वाचते, आणि तोवर पिल्ले तिच्यापासून दूर करावीत.

विषबाधेचे प्रकार तर घरातच असतात. शेतात फवारायची ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके, उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइड, गोगलगायींच्या गोळ्या. गुरांच्या गोचिडांसाठीचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला त्याने आंघोळ घालण्याची पद्धत खेड्यात आणि शहरातही सर्रास दिसते. त्यातून थरथर आणि झटके येतात. गोचीड-पिसवांवर हल्ली दिल्या जाणाऱ्या आयसोक्झाझोलिन गटाच्या चघळायच्या गोळ्या बहुतेक कुत्र्यांना मानवतात, पण त्यांमुळे क्वचित झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिला. ज्या कुत्र्याला आधी झटका येऊन गेला आहे त्याच्या पशुवैद्याला हे आठवण करून द्यावे. दिवाळीत आणखी दोन गोष्टींची भर पडते : गडद चॉकलेट आणि ‘शुगर-फ्री’ मिठाई. काही शुगर-फ्री पदार्थांत वापरले जाणारे झायलिटॉल माणसाला निरुपद्रवी असते. कुत्र्यात मात्र ते एवढे इन्सुलिन सोडवते, की तासाभरात साखर कोसळून झटका येऊ शकतो. विषाचा संशय असेल तर डबा, पाकीट, वेष्टन जे सापडेल ते सोबत न्यावे. वर्णनावरून विष ओळखणे फार कठीण जाते.

झटका प्रत्यक्ष चालू असताना करण्यासारखे थोडे असते आणि न करण्यासारखे बरेच. घड्याळ पाहावे. जिना, गच्चीचा कठडा, विहीर, हौद, फर्निचरचे कोपरे यांपासून त्याला पाठीकडून किंवा चादरीने हळूच सरकवावे. डोक्याखाली घडी केलेले कापड सारावे. टीव्ही, दिवे, गोंगाट बंद करावा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत न्यावे. झटके देणाऱ्या सोबत्यावर कधीकधी तो हल्ला करतो. तोंडात हात, चमचा, कापड काहीही घालू नये. कुत्रा स्वतःची जीभ गिळत नाही. चावली तरी ती जखम भरून येते, तुटलेल्या बोटाचे तसे नाही. आणि हो, चप्पल हुंगवू नये, कांदा नाकाशी धरू नये. माणसाच्या आकडीवरचे हे घरगुती उपाय जिथे माणसालाच उपयोगी पडत नाहीत तिथे कुत्र्याचे काय! त्यात कांदा कुत्र्याने खाल्ला तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. शुद्ध पूर्ण येईपर्यंत पाणी, दूध, औषधाची गोळी काहीही पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. घरात दुसरे माणूस असेल तर त्याने मोबाइलवर चित्रीकरण करावे. हे काहींना निष्ठुर वाटते. पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्रा ठणठणीत झालेला असतो, आणि एका मिनिटाच्या चित्रफितीवरून भोवळ की आकडी हा प्रश्न जितका सुटतो तितका अर्ध्या तासाच्या तोंडी हकिगतीवरून सुटत नाही.

घड्याळ एवढ्यासाठी, की पाच मिनिटे ही सीमा आहे. एक-दोन मिनिटांचा एकटा झटका सहसा जीव घेत नाही. पाच मिनिटांवर लांबलेला झटका, किंवा मध्ये शुद्ध न येता लागोपाठ आलेले झटके, यांना अपस्माराची सततावस्था म्हणतात. स्नायूंच्या श्रमाने शरीराचे तापमान चढत जाते, मेंदूला प्राणवायू आणि साखर पुरत नाही. शिवाय झटका जसा लांबतो तसे चेतापेशींना आवरणारे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात; ज्या औषधांचे काम याच ग्राहकांवर चालते ती उशिरा दिली तर लागू पडेनाशी होतात. म्हणून ‘थोडा वेळ वाट पाहू’ हा सल्ला इथे घातक ठरतो. चोवीस तासांत दोन किंवा अधिक झटके आले, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वाटेत अंग फार तापले असेल तर साध्या पाण्याने ओला केलेला पंचा पोटाला आणि पंजांना लावावा, बर्फ नको.

ज्या कुत्र्यांना असे झुबक्याने झटके येतात त्यांच्यासाठी घरी ठेवायचे तातडीचे औषधही असते. पूर्वी डायझेपाम गुदद्वारातून देत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत नाकात फवारलेल्या मिडाझोलामने ७० टक्के कुत्र्यांची सततावस्था थांबली, तर गुदद्वारातून दिलेल्या डायझेपामने २० टक्क्यांची. चाचणी लहान होती, एकूण पस्तीस कुत्र्यांची, पण फरक एवढा होता की त्यानंतर तज्ज्ञांचा कल नाकावाटे औषध देण्याकडे झुकला. वजनानुसार मात्रा ठरवून पशुवैद्याने लिहून दिल्याशिवाय आणि कसे द्यायचे ते दाखवल्याशिवाय याला हात लावू नये.

पहिल्या झटक्यानंतर तपासणी हवीच, पण औषध लगेच सुरू होईल असे नाही. रक्तशर्करा, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड, लघवी आणि आपल्याकडे गोचीडतापाचीही तपासणी होते. मेंदूचा एमआरआय आणि मणक्यातील पाणी तपासण्याची सोय मोजक्याच शहरांत आहे आणि खर्चिकही. वय आणि लक्षणे पाहून ते कुणाला लागेल हे ठरते. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके, झुबक्याने आलेले झटके, सततावस्था, किंवा झटक्यानंतर फार काळ टिकणारी भ्रमिष्टावस्था असेल, तर नियमित औषध सुरू करावे असा सर्वसाधारण संकेत आहे.

यात आधार जुन्याच औषधांचा आहे. फेनोबार्बिटॉल माणसाच्या अपस्मारात १९१२ पासून वापरले जाते. कुत्र्यांत ते आजही पहिल्या पसंतीचे. बारा-बारा तासांनी द्यायचे, साधारण दोन आठवड्यांनी रक्तातील पातळी स्थिरावते, आणि मग ती मोजून मात्रा ठरवायची. सुरुवातीला कुत्रा झोपाळतो, तहान आणि भूक वाढते. भूक इतकी, की घरचे दयेपोटी पोळ्या वाढवतात आणि वर्षभरात कुत्रा गोल होतो. यकृतावर लक्ष ठेवावे लागते. घरातल्या कुणाची फेनिटॉइनची गोळी कुत्र्याला देण्याचा मोह काहींना होतो. कुत्र्याचे यकृत फेनिटॉइन इतक्या वेगाने फोडून टाकते, की त्याची उपयोगी पातळी रक्तात टिकतच नाही. कार्बामाझेपिनचीही गत थोडीफार तशीच. माणसाचे औषध कुत्र्याला ‘थोडे कमी करून’ देता येत नाही. हिशेबच वेगळा असतो.

दुसरे जुने औषध पोटॅशियम ब्रोमाइड. लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडते. अर्धे जायलाच सुमारे तीन-साडेतीन आठवडे लागतात, म्हणून पातळी स्थिर व्हायला तीन-चार महिने. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि मिठातले क्लोराइड यांतला फरक नीट कळत नाही. खाण्यात मीठ अचानक वाढले तर मूत्रपिंड क्लोराइडसोबत ब्रोमाइडही बाहेर टाकते आणि औषधाची पातळी घसरते. ब्रोमाइडवर असलेल्या कुत्र्याला चार दिवस चकल्या, शेव आणि चिवडा मिळाला आणि भाऊबीजेनंतर झटका आला, तर दोष फटाक्यांना दिला जातो. खारे पाणी पोटात जाणारी समुद्रावरची मौजही याच हिशेबात धरावी.

आहाराचा उपयोग होतो का, हे लोक नेहमी विचारतात. मध्यम लांबीच्या साखळीच्या मेदाम्लांचा विशिष्ट आहार एकवीस कुत्र्यांना देऊन लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्यांची वारंवारिता कमी झाली, औषधे मात्र चालूच होती. यावरून भातावर खोबरेल तेल ओतायला सुरुवात करू नये. त्यात लॉरिक आम्ल जास्त असते, आहाराचे प्रमाण बिघडते, आणि एकदम वाढवलेल्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

उपचारांकडून काय अपेक्षा ठेवावी, हे पहिल्याच भेटीत बोलले गेले पाहिजे. झटके पूर्णपणे थांबणारी कुत्री असतात, पण सगळी नव्हेत. झटक्यांची संख्या निम्म्याने घटली तरी उपचार यशस्वी मानले जातात, आणि सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांचे झटके दोन औषधांनीही नीट आटोक्यात येत नाहीत. हे आधी न सांगितले गेल्यामुळे तिसऱ्या महिन्यात आलेल्या एका झटक्यावर निराश होऊन औषध बंद केले जाते, आणि अचानक बंद केलेल्या फेनोबार्बिटॉलमुळेच मग सततावस्था ओढवते. औषध थांबवायचे तर ते महिनोन्‌महिने, पायरीपायरीने. काही घरे वर्षानुवर्षे रात्री अलार्म लावून गोळी देतात. काहींना ते झेपत नाही. झटके दर आठवड्याला येत असतील, मधले दिवसही गुंगीत जात असतील, तर शेवटचा निर्णय घेणाऱ्या मालकाला निर्दय म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्यांना नाही.

आनुवंशिकतेबद्दल थोडेसे. वायरहेअर्ड मिनिएचर डॅक्सहुंडातला लाफोरा रोग, लगोटो रोमान्योलो पिल्लांतला आपोआप बरा होणारा अपस्मार, अशा मोजक्या प्रकारांची जनुके सापडली आहेत. लॅब्रेडॉर, बॉर्डर कोली, बेल्जियन शेफर्ड यांच्यात कौटुंबिक कल दिसतो. अपस्मार असलेल्या कुत्र्याची वीण घेऊ नये, इतके तरी पाळता येण्यासारखे आहे. पिल्लू विकत घेताना ‘आई-बापांना फीट येत होती का’ हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. पिल्लाचा रंग आणि कागदपत्रे यांवरच व्यवहार उरकतो.

झटक्यांची वही ठेवावी : तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय चालले होते, कुठला पाय आधी आखडला, नंतर किती वेळाने ओळखले, गोळी चुकली होती का. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना कुत्रा कुणाकडे ठेवणार असाल, तर त्या वहीची एक प्रत, गोळ्यांच्या वेळा, पुरेशा गोळ्या आणि दोन दिवस जास्तीच्या, पशुवैद्याचा क्रमांक आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना हे सारे एका कागदावर लिहून द्यावे. त्याच कागदाची एक प्रत इमारतीच्या रखवालदाराकडे असावी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, की या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे, त्याला आकडी येते, आणि काठी उचलण्याऐवजी घड्याळ पाहून या क्रमांकावर फोन करावा.